गटार कोणाचं, हे आधी शोधा: गोव्यातल्या रहिवासी संघटना काम कशा करतात

पर्वरीत विधानसभा आहे, सचिवालय आहे, मॉल आहे, बहुमजली इमारती आहेत आणि सकाळ-संध्याकाळ महामार्गावर गाड्यांची रांग आहे. नगरपालिका मात्र नाही. पेन्ह दि फ्रान्स, सुकूर आणि साल्वादोर दु मुंद या ग्रामपंचायतीच हा सगळा भाग सांभाळतात. पणजीला खेटून असलेल्या ताळगावचंही तेच. वस्ती शहराची, कारभार गावासाठी आखलेला. गोव्यात रहिवासी संघटना का लागतात, ते समजायला इथून सुरुवात करणं सोपं जातं.

राज्यात १९१ ग्रामपंचायती, १३ नगरपालिका आणि पणजीची एक महापालिका. शहरांसाठी १९९२ साली ७४वी घटनादुरुस्ती झाली. तिच्यात प्रभाग समित्यांची तरतूद आहे, म्हणजे नगरसेवक आणि नागरिक यांना प्रभागाच्या पातळीवर एकत्र बसायची अधिकृत जागा. पण या समित्या बंधनकारक आहेत त्या तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांना. २०११च्या जनगणनेत अख्ख्या गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती आणि मुरगावसारखी मोठी नगरपालिकाही एक लाखाच्या आत होती. म्हणजे घटनेतली ती तरतूद गोव्यातल्या एकाही शहराला लागू होत नाही. शहरी माणसाच्या सगळ्यात जवळचा अधिकृत माणूस म्हणजे त्याचा नगरसेवक, आणि नगरसेवकाच्या खाली कायद्याने काही नाही. ती पोकळी कॉलनीतले, वाड्यावरचे लोक आपणहून भरतात.

एकत्र येऊन गावाची कामं करण्याची सवय इथे जुनी आहे. गावकरी ही व्यवस्था पोर्तुगिजांच्या आधीची, आणि तिचे रीतिरिवाज १५२६च्या फोरालमध्ये, म्हणजे पोर्तुगिजांच्या सनदेत, नोंदवले गेले. पुढे तिलाच कोमुनिदाद म्हणू लागले. खाजन, म्हणजे खाडीकाठच्या सखल जमिनीतल्या, शेतीचे बांध बांधणं, मानशीची (बांधातल्या पाण्याच्या फाटकाची) दारं भरती-ओहोटीप्रमाणे उघडणं-मिटणं, तळी-पाट राखणं, ही कामं गाव मिळून करायचं, कारण एका ठिकाणी बांध फुटला की खारं पाणी सगळ्यांच्या शेतात शिरायचं. गोव्याचं खाजन टिकलं ते या एकजुटीवर, आणि त्याचा अभिमान वाटायलाच हवा. पण त्या व्यवस्थेत मान आणि वाटा होता तो मूळ गावकऱ्यांच्या घराण्यांना. मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारे), बाहेरून येऊन राहिलेले, बायका, यांना तिथे आवाज नव्हता. आजच्या संघटनांकडे पाहताना या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात असं मला वाटतं, कारण दोन्ही आजही आपल्याबरोबर आहेत.

आता संघटना म्हणजे नेमकं काय? बोलताना आपण तीन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतो आणि मग अपेक्षांचा गोंधळ होतो.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची असते ती बहुतेक वेळा मेंटेनन्स सोसायटी, गोवा सहकारी संस्था कायदा, २००१ खाली नोंदलेली. इमारतीची गच्ची, टाकी, लिफ्ट, जिना, कंपाउंड, रंगकाम हे तिचं क्षेत्र. गेटच्या बाहेरचा रस्ता तिच्या हाती नाही. सहकार निबंधकांचे नियम, वार्षिक सर्वसाधारण सभा, हिशेबतपासणी हे सगळं तिला लागू. दुसरी, वाड्याची किंवा कॉलनीची रहिवासी संघटना. ती १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदवता येते. किमान सात जण लागतात, संस्थेची घटना लिहावी लागते, कार्यकारिणी निवडावी लागते. नोंदणी झाली की संघटनेच्या नावाने बँकेत खातं उघडता येतं, पत्रव्यवहार करता येतो, आणि वेळ आलीच तर कोर्टात उभं राहता येतं. तिसरा प्रकार कागदावर कुठेच नसतो. वर्षातून एकदा सार्वजनिक सत्यनारायण करणारी मंडळी, मे महिन्यात खुरसाकडे (क्रूसाकडे) लादाईन, म्हणजे सामूहिक प्रार्थना, ठेवणारी घरं, चवथीला मंडप घालणारी मुलं. मी या तिसऱ्या प्रकाराला कमी लेखत नाही. वर्गणी कोण देतं, कोणाच्या घरी आजारी माणूस आहे, कोण रात्री उशिरा परततं, हे या मंडळींना ठाऊक असतं. पुढे नोंदणी झालेल्या कितीतरी संघटनांची मुळं तिथेच सापडतात.

कामही दोन तऱ्हांचं असतं. एक स्वतः हात लावून करायचं: झाडं लावणं, कंपोस्ट करणं, मैदान साफ ठेवणं. दुसरं, ज्याचं आहे त्याच्याकडून करून घ्यायचं. माझ्या मते संघटनेचा खरा कस दुसऱ्या तऱ्हेच्या कामात लागतो. लोक मात्र पहिल्या तऱ्हेवर सगळा जोर खर्च करतात, कारण तिथे फळ लगेच दिसतं. रविवारी पंधरा जणांनी मिळून गटार उपसलं की बरं वाटतं, फोटोही चांगले येतात. पण गटार दरवर्षी तुंबत असेल, तर ते उपसून देणाऱ्यांनी ज्याची जबाबदारी आहे त्याला मोकळं सोडलेलं असतं.

म्हणून गटाराचंच उदाहरण नीट पाहू. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. नव्या वसाहती बऱ्याचदा डोंगराच्या उतारावर. समजा अशाच एका उतारावरच्या कॉलनीत पहिल्याच मोठ्या पावसात तळमजल्यावर पाणी शिरतं. लोक पंचाला, म्हणजे आपल्या प्रभागातून पंचायतीवर निवडून गेलेल्याला, फोन करतात. पंच माणसं पाठवतो, ती घराजवळचा गाळ काढतात, पाणी उतरतं. पुढच्या वर्षी परत तेच.

आता जाणत्या संघटनेने काय करावं? जानेवारीत, सगळं कोरडं असताना, तिघा-चौघांनी पाण्याच्या वाटेने वरून खाली चालत जावं. वर बांधकाम चालू आहे, तिथे तांबड्या मातीचा ढीग उघडा पडलेला, तोच पावसात गटारात उतरणार. थोडं खाली गटाराच्या आतून पाण्याचा पाइप आडवा गेलेला आणि त्याला लागून कुठल्यातरी कंपनीच्या केबलचा जुडगा. त्या केबलला प्लास्टिकच्या पिशव्या, नारळाची सोडणं, झावळ्या अडकून बसलेल्या. खरा बूच तो आहे. आणखी खाली हे गटार मोठ्या रस्त्याच्या गटाराला मिळतं, पण मोठ्या रस्त्याचं डांबरीकरण थरावर थर चढवून झाल्याने मिळण्याच्या जागी तोंड अर्धं बुजलेलं. पुढे रस्त्याखालून पाणी नेणारी मोरी, मोरीनंतर नाला, नाल्याच्या कडेला सखल शेत, आणि त्या शेतात कोणीतरी भराव टाकलेला.

या एका पाण्याच्या वाटेवर मालक किती निघाले पाहा. आतला रस्ता आणि त्याचं गटार पंचायतीचं. मोठा रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा. महामार्ग असेल तर त्याच खात्याचा वेगळा विभाग. नळाचा पाइप पाणीपुरवठा पाहणाऱ्या खात्याचा. नाला जलसंपदा खात्याकडे. वरच्या बांधकामाला परवाना देणारी पंचायत. सखल जमिनीतला भराव हा नगर नियोजन कायद्याच्या १७-ए कलमाचा विषय, कारण परवानगीवाचून डोंगर कापायला आणि सखल जमीन बुजवायला ते कलम मनाई करतं. आणि पंच बिचारा या सगळ्यातल्या फक्त पहिल्या तुकड्यापुरता. त्याला कितीही फोन केले तरी मोरीचं तोंड तो मोठं करू शकत नाही.

संघटनेचं पुढचं काम मग पत्रांचं. प्रत्येक खात्याला वेगळं पत्र, एका पत्रात एकच विषय. "आमच्या भागातल्या समस्या" असं शीर्षक देऊन दिवे, कुत्रे, गटार, खड्डे सगळं एकत्र लिहिलेलं पत्र टेबलावरून टेबलावर फिरत राहतं, कारण ते कोणाचंच पूर्ण नसतं. पत्राला हाताने काढलेला साधा नकाशा जोडावा, तारीख दिसेल असे फोटो लावावेत आणि जागा ओळखता यावी म्हणून विजेच्या खांबाचा नंबर किंवा सर्वे नंबर लिहावा. प्रती सरपंचांना आणि आमदारांना. आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय कचेरीतून बाहेर पडू नये. शिक्का, तारीख, आवक क्रमांक. वर्षभराने नवा अभियंता बदलून आला की जुनी चर्चा कोणालाच आठवत नाही, फाइलमधला आवक क्रमांक तेवढा उरतो.

त्यानंतर संयुक्त पाहणी मागावी. म्हणजे कनिष्ठ अभियंता, पंचायतीचा सचिव, पंच आणि संघटनेचे दोघे एकाच वेळी त्याच जागी उभे. "हे आमच्याकडे येत नाही" हे वाक्य समोरासमोर फार टिकत नाही. पाहणीत काय ठरलं ते त्याच संध्याकाळी अर्ध्या पानात लिहून सगळ्यांना पाठवून द्यावं. हे टिपण पुढच्या सगळ्या पाठपुराव्याचा पाया ठरतं.

जानेवारी का, तेही सांगतो. पावसात गेलेल्या तक्रारीवर तात्पुरता गाळ काढण्यापलीकडे काही होत नाही. पक्कं काम हवं तर अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा, कामाचा आदेश या पायऱ्या आल्या. मध्ये ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपतं, एखादी निवडणूक आली तर आचारसंहिता लागते. मे महिन्यात जाग आलेल्या संघटनेला त्या वर्षापुरतं फक्त गाळ काढण्याचं काम मिळतं.

काम झाल्यावरही फाइल मिटवायची नाही. माहिती अधिकाराखाली दहा रुपये भरून अंदाजपत्रक, कामाचा आदेश आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत मागता येते, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नुसत्या प्रती कशाला, फाइल प्रत्यक्ष पाहायलाही मागता येते. केंद्राचा माहिती अधिकार कायदा २००५चा, पण गोव्याने आपला स्वतःचा कायदा १९९७मध्येच केला होता, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असतं. कामाच्या कागदांत दोषदायित्वाचा काळ लिहिलेला असतो. त्या काळात स्लॅब फुटला किंवा रस्ता उखडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. ही तारीख संघटनेच्या दिनदर्शिकेत हवी. नाहीतर त्याच कामाचे पैसे सरकार, म्हणजे आपणच, दोनदा मोजतो.

पंचायत क्षेत्रात राहणाऱ्यांच्या हातात शहरवाल्यांकडे नसलेलं एक साधन आहे: ग्रामसभा. गोवा पंचायत राज कायदा १९९४चा. त्याप्रमाणे जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये साधारण ग्रामसभा, त्या बहुधा रविवारी, आणि शिवाय २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, १९ डिसेंबर या दिवसांच्या सुमारास खास ग्रामसभा होतात. कायद्याला धरून केलेला ग्रामसभेचा ठराव पंचायतीने पाळायचा असतो. कॉलनीत राहणारे सुशिक्षित लोक ग्रामसभेला जात नाहीत, ही माझी जुनी खंत आहे. "ती गाववाल्यांची सभा, तिथे आरडाओरडा असतो" असं म्हणत ते घरी बसतात आणि मग आपल्या रस्त्याला दिवे नाहीत म्हणून चिडतात.

आरडाओरडा असतो, खरं आहे. सभागृहात खुर्च्या कमी पडतात, दारात लोक उभे, माइक एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती ओढला जातो, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून होईस्तोवर अर्ध्या लोकांचा धीर सुटतो. पण नेमकं ते इतिवृत्त कान देऊन ऐकायचं असतं. गेल्या सभेत तुम्ही मांडलेला मुद्दा त्यात "चर्चा झाली" एवढ्यावर संपला असेल, तर तिथेच उठून दुरुस्ती मागायची: काय ठरलं, कोणी करायचं, कधीपर्यंत. मुद्दा सभेत अचानक मांडण्यापेक्षा आधी लेखी देऊन त्याची पोच घेतलेली असावी आणि ठरावाचा मजकूर स्वतःच तयार करून न्यावा. सचिवाला गोंगाटात वाक्य जुळवत बसावं लागलं की ते वाक्य पातळ होतं. त्याच कायद्यात प्रभाग विकास समित्या आणि देखरेख समित्या ग्रामसभेने नेमायची सोय आहे. संघटनेतल्या एक-दोघांनी त्या समित्यांवर जावं. बाहेरून दहा पत्रं लिहूनही जे कळत नाही, ते आत बसलेल्याला कागद पुढ्यात येताच कळतं.

पैशाचा प्रश्न तिथेच विचारावा. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात पंचायतींना मिळणाऱ्या अनुदानातला ६० टक्के भाग स्वच्छता आणि पाणी यांना बांधलेला होता. आपल्या पंचायतीने त्यातून काय केलं, किती रक्कम पडून राहिली, हा साधा प्रश्न दर सभेत कोणीतरी शांतपणे विचारत राहिलं तरी फरक पडतो.

नगरपालिका आणि पणजी महापालिका यांच्या हद्दीत ग्रामसभा नाही. तिथे नगरसेवक, मुख्याधिकारी किंवा आयुक्त, आणि शेवटी कोर्ट. पणजीत स्मार्ट सिटीच्या खोदकामाने उडणाऱ्या धुळीबद्दल नागरिकांनी याचिका केली, आणि २०२४मध्ये उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी स्वतः रस्त्यांवर येऊन पाहणी केली. कोर्टात गेलेल्यांचे आपण आभार मानले पाहिजेत. पण प्रत्येक कॉलनीला दर प्रश्नावर ते झेपणारं नाही, आणि झेपलं तरी न्यायालय पहिलं विचारतं ते, आधी तक्रार कुठे दिली होती. पुन्हा तीच पोचेची फाइल.

कचऱ्याचं काम वेगळं आहे. इथे संघटनेला स्वतः हात लावावाच लागतो. २०१६च्या घनकचरा नियमांनी रहिवासी संघटनांचं नाव घेऊन सांगितलं होतं की स्थानिक संस्थेच्या साथीने कचरा जागच्या जागी वेगळा करा, आणि जमेल तितका ओला कचरा आवारातच जिरवा. पाच हजार चौरस मीटरहून मोठ्या कुंपणबंद वसाहतींनाही हीच जबाबदारी होती. पणजीत कॉलन्यांमध्ये कंपोस्टची केंद्रं उभी राहिली, सुका कचरा १६ प्रकारांत वेगळा करण्याची पद्धत आली आणि देशभर तिचं नाव झालं. दुसरीकडे मडगावकरांनी सोनसड्याचा ढीग वर्षानुवर्षं सोसला, २०१९मध्ये त्याला लागलेल्या आगीचा धूर दिवसेंदिवस श्वासात घेतला. घराघरात ओलं-सुकं एकत्र बांधलेली पिशवी शेवटी कोणाच्यातरी उशाशी जाऊन पडते. साळगावला मोठा कचरा प्रकल्प झाला म्हणून हा प्रश्न सुटला असं नाही. मिसळलेला कचरा कुठल्याही यंत्रात गेला तरी त्याचं चांगलं खत होत नाही.

कॉलनीतलं कंपोस्ट बिघडतं कुठे, तर आपल्या स्वयंपाकघरात. सुंगटांची (कोळंबीची) सालं, बांगड्याची डोकी, तिसऱ्यांच्या शिंपल्या. केळीच्या सालीसारखे हे पदार्थ नुसते टाकून चालत नाही. मासळीचा कचरा उघडा पडला की तासाभरात माश्या, दुसऱ्या दिवशी अळ्या, आणि तिसऱ्या दिवशी शेजारची बाई कंपोस्टची टाकी उचला म्हणून संघटनेकडे. यावर उपाय आहे, आणि तो महागडा नाही: सुका पाला. टाकीच्या बाजूला सुक्या पाल्याचं पोतं कायम भरलेलं हवं. मासळीचा कचरा मधोमध खड्डा करून टाकावा, वर पाल्याचा हातभर जाड थर द्यावा. कोरडं जास्त, ओलं कमी, हे प्रमाण राखलं तर वास बसतो. शिंपल्या आणि करवंट्या त्यात घालूच नयेत, त्या वर्षभर तशाच राहतात. पावसाळ्यात पंचाईत होते ती पाल्याची, कारण सगळंच भिजलेलं. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये काजू, फणस, आंब्याखालचा पाला जाळून न टाकता पोत्यांत भरून छपराखाली ठेवायचा. ज्या कॉलनीने हा साठा केला तिथली टाकी ऑगस्टमध्येही चालते. टाकीवर काम करणाऱ्या ताईला हातमोजे, गमबूट आणि वेळेवर पगार, हे संघटनेने आपल्या मर्जीवरचं समजू नये. ती जे काम करते त्यावर बाकीच्या सगळ्यांचं आरोग्य उभं आहे.

काही प्रश्न कॉलनीच्या कुंपणाच्या आत दिसत नाहीत आणि दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो. जमिनीचा विभाग बदलणं हा त्यांतला सगळ्यात मोठा. समोरचं शेत, मागचा डोंगर, यांचा रंग नकाशावर बदलला की पाच वर्षांनी तिथे इमारत येते, आणि मग पाणी, गटार, रस्ता सगळ्यांवर ताण येतो. गोव्याने या बाबतीत जागं राहायचं काय असतं ते दाखवलेलं आहे. २००६च्या अखेरीस प्रादेशिक आराखडा २०११ विरुद्ध गावागावांतून लोक उठले, गोवा बचाव अभियान उभं राहिलं आणि जानेवारी २००७मध्ये सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. त्या वेळी लोकांनी नकाशे भिंतीवर लावून आपले सर्वे नंबर बोटाने शोधले होते. तीच सवय छोट्या प्रमाणावर प्रत्येक संघटनेला हवी. २०२४मध्ये नगर नियोजन कायद्यात आलेल्या ३९-ए कलमाखाली विभाग बदलण्याचा प्रस्ताव प्रसिद्ध झाल्यावर हरकतींना ३० दिवस ठेवले होते. तीस दिवस भुर्रकन जातात. संघटनेतल्या एकाने राजपत्र आणि वर्तमानपत्रातल्या जाहिराती पाहत राहायचं, आजूबाजूच्या सर्वे नंबरांची यादी जवळ ठेवायची, शंका आली तर एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या हक्कांची नोंद) काढून पाहायचा. एखाद्या निवृत्त शिक्षकाने किंवा बँकेतून निवृत्त झालेल्या बाईने हे काम अंगावर घेतलं तर अख्खा वाडा निश्चिंत झोपू शकतो.

पैशांबद्दल थोडक्यात. वर्गणी छोटी आणि ठरलेली, खातं संघटनेच्या नावावर, सह्या दोघांच्या, आणि महिन्याचा जमाखर्च नोटीस बोर्डवर. मागितल्यावर दाखवू, असं नको. न मागता लागलेला असावा. संघटना मोडतात त्या बहुधा पैसे खाल्ल्यामुळे नव्हे, पैसे खाल्ले असतील या संशयामुळे.

आणि आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. संघटना कोणाची? बऱ्याच ठिकाणी ती घरमालकांची असते. भाडेकरूला सभेला बोलावत नाहीत, बोलावलं तर मत नाही. काही ठिकाणी त्याहून वाईट: घरकाम करणाऱ्या बायकांनी लिफ्ट वापरायची नाही, मुलांनी मैदानात खेळायचं नाही, एकट्या मुलींना घर द्यायचं नाही, असले नियम संघटना करते. हे नियम करायचा तिला अधिकार नाही आणि ते करण्यात शोभाही नाही. पहारेकरी, पोदेर (पाववाला), मासळीवाली, कचरा नेणारे ही सगळी त्या वस्तीचीच माणसं आहेत. सुरक्षेच्या नावाखाली यांना संशयित ठरवणाऱ्या संघटनेवर वस्तीतल्याच निम्म्या माणसांचा भरवसा उरत नाही.

दुसरीकडे बंद घरं. २०११च्या जनगणनेत गोव्यातलं सुमारे पाचातलं एक घर रिकामं होतं. मुंबई-दिल्लीच्या मालकांचे सुट्टीपुरते फ्लॅट, परदेशी गेलेल्यांची वडिलोपार्जित घरं. त्या मालकांकडून देखभालीची वर्गणी आगाऊ घ्यावी, एक किल्ली ओळखीच्या माणसाकडे असावी, टाकीत आणि अंगणातल्या कुंड्यांत पाणी साचू नये म्हणून पावसाळ्यात दर आठवड्याला कोणीतरी पाहावं. डेंग्यूचे डास बंद घराच्या गच्चीवर वाढले तरी चावतात शेजाऱ्यांनाच.

पण ग्रामसभेत बसायचा हक्क घराच्या मालकीवरून ठरत नाही. तो मतदार यादीवरून ठरतो. गावच्या यादीत नाव असलेला भाडेकरू ग्रामसभेत उभा राहून बोलू शकतो, ठरावाला हात वर करू शकतो. सहा फ्लॅटचा मालक मुंबईचा मतदार असेल तर त्याला तिथे काही म्हणता येत नाही. म्हणून भाडेकरूंना बाहेर ठेवणारी संघटना ग्रामसभेत आपलंच बळ कमी करते. वर्षानुवर्षं गोव्यात राहून नाव अजून बेळगावच्या किंवा सिंधुदुर्गातल्या यादीत असलेली कितीतरी कुटुंबं प्रत्येक कॉलनीत आहेत. पत्ता बदलला की नाव हलवायला फॉर्म ८, आणि पहिल्यांदाच नोंद करायची तर फॉर्म ६. संघटनेच्या दोन मुलांनी एका रविवारी टेबल मांडून, कोणाचा पत्त्याचा पुरावा कमी पडतो ते पाहून, हे फॉर्म भरून द्यायला सुरुवात करावी. पुढच्या ग्रामसभेआधी यादीत किती नावं वाढली ते तपासावं आणि त्या घरांना सभेची तारीख जाऊन सांगून यावी.